पुणे आणि नागपूर : दोन मराठी दरबारांचे राजकारण



1958 साली इजिप्त आणि सीरिया या दोन अरब देशांनी मिळून एक राष्ट्र केले. 1961 साली सीरिया त्यातून बाहेर पडला. भाषा एक, तरी काडीमोड! पण नवल करायला इतके दूर कशाला जावे? आपली वरठी ज्या मुलखात आहे तो नागपूरकर भोसल्यांचा. त्यांचे आणि पुण्याच्या पेशव्यांचे राजकारण याच जातीचे होते.

भोसले म्हणत, सेनासाहेब सुभा हे पद आम्हांला साताऱ्याच्या छत्रपतींनी दिले. पेशवेही त्यांचेच चाकर. मग हुकूम कोणी कोणाला करायचा? पुण्याचे म्हणणे अर्थातच निराळे. भांडणाचे मूळ हेच.

1763 साली जानोजी भोसले निजामाला मिळाले आणि पुणे लुटले गेले. पेशव्यांनी 32 लाखांच्या मुलखाचे वचन देताच, राक्षसभुवनच्या लढाईआधी, ते निजामाला सोडून गेले. 1766 साली माधवराव पेशवे त्याच निजामाला बरोबर घेऊन जानोजींवर चालून आले आणि 24 लाखांचा मुलूख परत घेतला. नागपूरचे दिवाकरपंत चोरघडे साडेतीन शहाण्यांत मोडत. पण इतके शहाणपण असूनही लूट काही थांबली नाही. जानोजींनी राघोबादादांची बाजू धरली, तेव्हा 1769 च्या आरंभी पेशव्यांच्या फौजेने नागपूर लुटले. जानोजी समोर लढाई देईनात. हुलकावण्या देत पुण्याच्या रोखाने गेले. अखेर मार्चमध्ये कनकापूरला तह झाला.

आमचे आयुष्य करारमदारांत गेले, म्हणून आम्ही आधी कलमे वाचतो. भोसल्यांनी दरसाल 5 लाख रुपये द्यावेत. पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज वाढवू नये, कमीही करू नये. इतर सत्तांशी परस्पर बोलणी करू नयेत. बदल्यात, हिंदुस्थानात जाणाऱ्या पेशव्यांच्या फौजांनी भोसल्यांच्या मुलखाला उपद्रव देऊ नये. हे शेवटचे कलम आम्हांला मोलाचे वाटते. फौज जाते तेव्हा पीक कुणब्याचे तुडवले जाते.

पण जड कलम कोणते? पैशाचे नव्हे, बोलणी न करण्याचे. एका संपानंतर आम्हीही असे कलम मान्य केले होते : बाहेरच्या युनियनचा सल्ला घ्यायचा नाही. कामगारांच्या घरांतले पीठ संपले होते, सही केली. पगाराची तूट पुढे भरून निघाली. पण पुढच्या तंट्यात शेजारच्या कामगारांकडे जायला तोंड उरले नाही. त्याबद्दल लोक आम्हांला अजून विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे.

1772 साली जानोजी वारले, त्याच साली माधवरावही. आणि परक्याशी परस्पर बोलणी करू नयेत हे कलम ज्या गादीने घातले, त्याच गादीवरच्या दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी वसईला इंग्रजांशी तह केला. भोसल्यांना विचारले नाही. दुसरे रघूजी भोसले शिंद्यांबरोबर इंग्रजांशी लढायला उभे राहिले. होळकर लांब राहिले. 1803 च्या नोव्हेंबरात आडगावला पराभव झाला, आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही गेला.