गर्भवतीचा ताप आणि औषधाची भीती
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीची घरे आज चंद्रपूर शहरापासून भामरागड-सिरोंच्यापर्यंत विखुरलेली आहेत. ह्या वनप्रदेशात गर्भवतीस इन्फ्लुएंझा झाल्यास काय करावे, ह्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

‘गरोदरपणी औषध घेऊ नये’ हा आपल्या घरांतील दंडक निराधार नाही. थॅलिडोमाइड ह्या औषधामुळे हजारो बालके व्यंगे घेऊन जन्मली आणि १९६१ साली ते युरोपातील बाजारांतून काढून घेणे भाग पडले. परंतु एका औषधाचा दोष सर्वच औषधांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. कारण रोगही निरुपद्रवी नसतो. गर्भारपणी हृदय व फुप्फुसे ह्यांवर आधीच अधिक भार असतो. त्यात इन्फ्लुएंझातून न्यूमोनिया उद्भवल्यास माता व गर्भ दोघांच्याही जिवावर बेतते. १९१८ च्या साथीत हे दिसले आणि २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुन्हा दिसले.

ह्या रोगावर ओसेल्टामिविर हे औषध आहे. विषाणू एका पेशीतून सुटून दुसरीकडे पसरतो, त्यास ते अटकाव करते. म्हणून पहिल्या ४८ तासांत दिल्यास त्याचा गुण अधिक येतो. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व फ्रान्स ह्या देशांत हे किंवा ह्याच वर्गातील औषध घेतलेल्या ५,८०० हून अधिक गर्भवतींची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत बालकांच्या व्यंगांचे वा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. मळमळ व वांती हे त्याचे नेहमीचे उपद्रव होत. ते अन्नाबरोबर घेतल्यास कमी होतात. मात्र बालोक्झाविर हे दुसरे औषध गर्भवतीस देत नाहीत. म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी. दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत.

आपल्या जिल्ह्यांत आणखी एक सावधगिरी हवी. येथे ताप म्हटला की हिवतापाची शंका घेतलीच पाहिजे. त्यासाठी आशाताईंकडून वा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. इन्फ्लुएंझाची लस गर्भारपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते आणि सहा महिन्यांच्या आतील ज्या बालकास ती देता येत नाही, त्यासही आईकडून संरक्षण लाभते.

पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला की भामरागडची वाट बंद होते. अशा वेळी ‘साधे पडसे आहे, उतरेल’ म्हणून घालविलेला एक दिवस परत मिळत नाही. सून आपण होऊन बोलणार नाही. दवाखान्याचा निर्णय घरात सासूसासऱ्यांच्या शब्दावर ठरतो. तो शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी उच्चारावा, एवढीच नम्र प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.