दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा

कथेत संघर्ष हवा, असं म्हटलं की आपल्याला नायक-खलनायकाची झुंज आठवते. आज मी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’विषयी बोलणार आहे. 1955 सालची ही कादंबरी. हिच्यात खलनायक म्हणावा असा कोणी नाही, तरी ती हातातून खाली ठेववत नाही.

औंध संस्थानातलं, माणदेशातलं धनगरांचं खेडं. तिथं राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. त्याला वर्गात पोरं हवीत आणि धनगरांना तीच पोरं मेंढरांमागं हवीत. आता चूक कुणाची ठरवायची? कुणाचीच नाही. शिक्षण खरं आणि पोटही खरं. असा पेच पडला की वाचक एका बाजूला बसून राहू शकत नाही. त्याचं मन इकडून तिकडं जात राहतं, आणि त्या ओढाताणीतच तो पुढं वाचत जातो.

चोळीचा प्रसंग मुद्दाम सावकाश वाचा. गावातली अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, तो आणून देतो. एवढंच घडतं. पण गावात त्याचा भलताच अर्थ लागतो आणि म्हातारा कारभारी, मास्तरचा सगळ्यात मोठा आधार, त्याच्यापासून तुटतो. कारभारी दुष्ट नाही. गावाची अब्रू त्याला जपायची आहे. मास्तरही निर्दोष आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. आपल्याला ठाऊक आणि कारभाऱ्याला नाही, म्हणून जीव तगमगतो. इथं ना आरडाओरड आहे, ना मारामारी. माडगूळकरांची खरी ताकद मला या संयमात दिसते.

गावातल्या शेकूकडं दुसरा बैल नसतो, तेव्हा त्याची बायको जू स्वतःच्या खांद्यावर घेते. तिथं तर समोर माणूसही नाही, फक्त निघून चाललेला हंगाम आहे.

आणि शेवटी दुष्काळ येतो. आतापर्यंतचे अडथळे माणसांचे होते. मास्तर चिकाटीनं, मायेनं त्यांची समजूत घालू शकत होता. त्याच्या पुढाकारानं गावानं तालीमसुद्धा उभी केली. पण न पडणाऱ्या पावसाची समजूत कोण घालणार?

पुढची कादंबरी हातात घ्याल तेव्हा एवढं करून पाहा. ज्याचा राग येतो, त्या पात्राच्या बाजूनं ते प्रकरण पुन्हा एकदा वाचा. त्याचंही म्हणणं पटू लागलं, तर लेखकानं संघर्ष नेमका कुठं पेरलाय ते तुम्हाला दिसेल.