कूस बदलणारे हात

(रुग्णांच्या नातेवाइकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



रुग्णाला घरी सोडताना आम्ही परिचारिका नातेवाइकांच्या हाती औषधांची चिठ्ठी देतो, पुन्हा केव्हा यायचे तेही सांगतो. परंतु ‘रात्री आजींची कूस कोण बदलणार?’ हे विचारायचे बहुधा राहून जाते. आज तोच प्रश्न घेऊन मी आपल्यासमोर उभी आहे.

त्याला कारण एक सूनबाई. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषा त्या तीन वर्षे एकट्याने करीत होत्या. सासूबाईंच्या पाठीवर एकही जखम नव्हती. एके पहाटे सूनबाईच चक्कर येऊन कोसळल्या. रक्तदाब फार वाढला होता. स्वतःच्या गोळ्या त्यांनी कित्येक महिने घेतल्याच नव्हत्या. सासूबाईंच्या गोळीची वेळ मात्र कधी चुकली नव्हती. जरा बरे वाटताच त्यांनी विचारले, “आईंना कुणी पाणी पाजले का?” घरात दोन कर्ते पुरुष होते. पाणी किती आणि कसे पाजायचे, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून काही गोष्टी घरातील किमान दोघांनी शिकून घ्याव्यात. अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारणपणे दर २ तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहाव्यात. बोटाने दाबूनही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. ती जागा चोळू नये; तेथील भार काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. हवेची गादी जरूर घ्यावी, पण तिच्या भरवशावर कूस बदलणे सोडू नये. रुग्णाला काखेत धरून ओढल्यास त्याची त्वचा सोलवटते आणि आपली कंबर धरते. अंगाखाली दुमडलेली चादर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी सरकवावे. भरवताना ताठ बसवावे, नंतरही अर्धा तास आडवे करू नये. ग्लानीत असताना घास देऊ नये; तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कालपर्यंत नीट बोलणारे वडील आज अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. मागे जंतुसंसर्ग किंवा एखादे औषधही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

‘मला मदत हवी’ असे मोघम सांगितले की कुणी हलत नाही. ‘रविवारी दुपारी २ ते ६ तू आईपाशी बस’ असे सांगावे. परगावच्या भावंडांनी मदतनीस बाईंचा पगार उचलावा. आणि दिवाळीला येऊन ‘आई किती वाळली’ म्हणणाऱ्यांनी, क्षमा असावी, ती एक रात्र आईच्या खोलीत झोपावे.

खर्चाविषयी थोडेसे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. कार्ड आधीच काढून ठेवावे, कारण ऐनवेळी धावपळ होते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. समाजसेवकांकडे निःसंकोच चौकशी करावी. मात्र या सोयी रुग्णालयातील उपचारांसाठी आहेत. घरच्या रात्रीच्या जागरणाचा भार त्यांनी हलका होत नाही.

येथे मला देणगीदारांशी बोलायचे आहे. आपण यंत्र देता, त्यावर नावाची पाटी लागते, आणि ती लागावीच. घरी जाऊन आठवड्यातून चार तास रुग्णापाशी बसणाऱ्या प्रशिक्षित मदतनिसाच्या वेतनावर पाटी लावता येत नाही. तरीही तेवढ्या चार तासांत एखादी सूनबाई स्वतःचा रक्तदाब तपासून येऊ शकेल. विश्वस्तांनी याचा विचार करावा, ही विनंती.

आता शेजारच्या खाटेवर आमच्या भगिनी कूस बदलण्याचे प्रात्यक्षिक दाखवतील. पुढे यावे. मागे उभ्या असलेल्या मुलग्यांनी आणि जावईबापूंनी आधी यावे.