चीवर, उतरण आणि आमचे कपाट

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय दिला होता, 'दान पारमिता'. विषय फार मोठा आहे. आम्ही गिरणी कामगार, दहावी नापास. जे काही वाचले ते दुसऱ्या पाळीवरून घरी आल्यावर रात्री वाचले. म्हणून त्या मोठ्या विषयाच्या एका लहानशा कोपऱ्याविषयीच आज बोलणार आहोत. तो कोपरा म्हणजे आमच्या घरचे लोखंडी कपाट. हसू नका, त्यात पुष्कळ काही निघाले.

झाले असे की, आमच्या मुलाचे लग्न ठरले. सून येणार, तिचे कपडे ठेवायला जागा पाहिजे, म्हणून आमच्या मंडळींनी कपाट उघडले आणि आम्हाला हाक मारली. "अवो, हे कायले भरून ठेवलं तुमी? यातलं एकबी आंगात जाते काय तुमच्या?" आम्ही मोजायला बसलो. तेवीस शर्ट, चौदा पँट, चार स्वेटर आणि आमच्या लग्नातला १९९४ सालचा राखाडी सफारी. सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा आमची कंबर होती तीस. रिंग फ्रेमवर साइडर म्हणून आठ तास यंत्राच्या मागे-पुढे चालायचो, पोटाला सुटायला वेळच नव्हता. ती गिरणी बंद पडली, मग नांदगाव पेठच्या एमआयडीसीत लागलो. आता गोदामात खुर्चीवर बसून गाठींचा हिशेब लिहितो. कंबर अडतीस झाली. तेवीस शर्टांपैकी अंगात गेले दोन, त्यातही एकाची बटणे पोटावर तोंड वासून राहिली.

मग ठेवले कशाला? 'उद्या बारीक होऊ' हा एक बहाणा झाला. खरे कारण ते नाही. प्रत्येक कपड्यामागे एक हिशेब होता. हा दिवाळीच्या बोनसचा, हा १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी शिवलेला, हा मुलगी झाली तेव्हाचा. आमच्या लहानपणी वर्षाला एक जोड मिळत असे, तोही वाढत्या अंगाचा म्हणून दोन बोटे मोठा. तेव्हाचे शिंपी हुशार होते. पँटच्या मागच्या शिवणीत दोन इंच कापड आत दाबून ठेवा म्हटले की ठेवायचे. माणूस जाड झाला की शिवण उसवायची, पुन्हा शिलाई मारायची, तीच पँट आणखी चार वर्षे. आमचा सफारी असा दोनदा उसवला आहे. आजच्या रेडिमेड पँटमध्ये उसवायला जागाच नसते. कंपनीने कापड वाचवले आणि आपले कपाट भरवले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु याच्याही मागे एक गोष्ट आहे, ती या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगावी लागणार नाही, तरुणांना सांगावी लागेल. आपल्या आजा-पणज्यांना नवे कापड ठाऊक नव्हते. गावाची उतरण, म्हणजे दुसऱ्याने अंगावरून उतरवलेले, ते आपल्या अंगावर. मेलेल्या माणसावरचे कापड, ते आपल्या वाट्याला. ही नुसती गरिबी नव्हती, तो लिहिलेला कायदा होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे, आणि पुढे त्याच अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न व जुनी वस्त्रे द्यावीत असेही आहे. म्हणजे जुने वस्त्र हे आपल्या जातीचे ओळखपत्र होते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळले गेले आणि त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेब आपल्या आयाबहिणींशी वेगळे बोलले. काय बोलले? लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर बोलले! गुडघ्यापर्यंत आखूड नेसू नका, अंगावर चांदी-कथलाचे ढीग घालून फिरू नका, स्वच्छ राहा, कपड्यावरून कोणी तुमची जात ओळखू नये असे राहा. बायांनी ते ऐकले आणि नेसणे बदलले. एवढा मोठा विद्वान, देशाची घटना लिहिणारा माणूस, लुगड्यावर बोलतो, तेव्हा कपडा ही क्षुल्लक गोष्ट नसते.

आणि १४ ऑक्टोबर १९५६! लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून नागपूरला गेली. आमचे वडील तेव्हा विशीतले. त्यांनी त्या दिवशी घातलेला सदरा आमच्या कपाटात खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. आता पिवळा पडला आहे, घडीवर विरला आहे. वडील बारीक होते, तो आमच्या अंगात कधीच गेला नाही. वडिलांनी मरेपर्यंत दुसऱ्याने दिलेला कपडा घातला नाही. कारखान्याच्या मालकाने एकदा स्वतःचा कोट देऊ केला, तर "मले थंडी नाई वाजत" म्हणून परत केला. हिवाळा होता, थंडी वाजत होती.

तर असा हा पेच. न बसणारे कपडे ठेवावेत तर सुनेला जागा नाही. द्यावेत तर कोणाला द्यावेत? जे आमच्या बापाने घेतले नाही, ते आम्ही कोणत्या तोंडाने दुसऱ्याला द्यायचे?

आम्ही पुस्तकांकडे वळलो. वाचनालयात धर्मानंद कोसंबींचे 'बौद्ध संघाचा परिचय' मिळाले, विनयपिटकातले इतर भागही जमेल तसे वाचले. आणि आम्ही थक्क झालो. आमचे कपाट अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी उघडले होते! राजगृहाहून वैशालीला जाताना त्यांना वाटेत भिक्खू दिसले, डोक्यावर चीवरांचे गाठोडे, खांद्यावर गाठोडे, कमरेला गाठोडे. उपासकांनी दिले, यांनी घेतले, आता ओझे वाहवत नाही. तथागतांनी रागावून आज्ञा काढली नाही. आधी स्वतःवर प्रयोग केला. माघ-फाल्गुनाच्या संधीच्या कडाक्याच्या थंडीत ते उघड्यावर बसले. एका चीवराने रात्रीचा पहिला प्रहर निभावला. थंडी वाजली तेव्हा दुसरे घेतले. पुन्हा वाजली तेव्हा तिसरे. पहाटेला चौथे घेतले. तेवढ्यात थंडी निभते, असे पाहिले, आणि मग नियम केला : अंतरवासक, उत्तरासंग आणि दुपदरी संघाटी. तीन चीवरे, पण संघाटी दुहेरी, म्हणजे पदर चार. जास्तीचे चीवर मिळाले तर दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवायचे नाही. आम्ही कामगार आहोत, आम्हाला हे फार आवडले. साहेबाने आधी यंत्र स्वतः चालवून पाहावे आणि मग नियम लावावा, असे गिरणीत कधी घडत नाही.

चीवराची शिवण तर आपल्या वऱ्हाडी माणसाने नीट बघावी. मगधातील शेते, त्यांचे बांध, धुरे पाहून तथागतांनी आनंदाला विचारले की, असे चीवर शिवता येईल का. आनंदाने तुकडे जोडून शिवले. म्हणजे भन्तेजींच्या अंगावर जे आहे ते शेत आहे. कपाशीचा शेतकरी आणि गिरणीचा कामगार, दोघांनीही ते आपले समजावे. एका शर्टासाठी आधी वेचणारी बाई, मग जिनिंग, ब्लो रूम, कार्डिंग, रिंग फ्रेम, वाइंडिंग, सायझिंग, लूम आणि शेवटी शिंपी, एवढ्यांचे हात लागतात. ज्या वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विलायतेच्या बाजारात ओळखला जायचा, त्या वऱ्हाडात कापड उकिरड्यावर फेकायला आमचा हात उठत नाही.

आणखी एक कथा आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजा संतापला, हा श्रमण कापडाचे दुकान काढणार की काय? त्याने येऊन प्रश्नांची सरबत्ती केली. इतक्यांचे काय कराल? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. जीर्ण चीवरांचे काय कराल? अंथरुणावरच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. त्यांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? झटकणी. आणि झटकणी फाटली की कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि आणखी पाचशे वस्त्रे देऊन गेला. आमची आजी अक्षर शिकली नव्हती, पण ती हेच करीत होती. लुगड्याची वाकळ, वाकळीचे फडके, फडक्याची चुलीवरची चिंधी. आज कपडा अर्धा पॉलिस्टरचा, तो चिखलात कालवला तरी कुजत नाही. पानिपतला जुने लोकरी कपडे फाडून पुन्हा सूत काढतात, त्याची ब्लँकेटे होतात, हे आम्हाला गिरणीतल्या ओळखीने ठाऊक आहे. पण तिथेही मिश्र धाग्याची पंचाईतच असते.

याच अमरावती जिल्ह्यातले शेंडगावचे गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. बाबासाहेब सुटाबुटात, गाडगेबाबा चिंध्यांत, आणि दोघांचा एकमेकांवर जीव. आम्ही तरुणपणी या गोष्टीने गोंधळून जायचो. पुढे समजले की, एकाने आपल्या माणसांना चिंधीतून बाहेर काढण्यासाठी सूट घातला, दुसऱ्याने स्वखुशीने चिंधी निवडली. जबरदस्तीची चिंधी ही तिसरीच गोष्ट आहे.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही तरुणांच्या एका मंडळाबरोबर दिवाळीच्या आधी मेळघाटात कपडे वाटायला गेलो होतो. अमरावतीतून गोळा केलेली पोती टेम्पोत भरली. उघडून पाहिली नाहीत, हाच गुन्हा. धारणीच्या पुढे एका कोरकू गावात पोती सोडली तर त्यातून काय निघावे? शाळेचे टाय, एका पायाचे मोजे, बटणे तोडून घेतलेले शर्ट, लग्नातला टिकल्यांचा घागरा, आणि न धुतलेले, हो, न धुतलेले कपडे. एका म्हाताऱ्याने एक शर्ट उचलला, काखेकडे पाहिले, नीट घडी केली आणि आमच्या हातात परत दिला. म्हणाला, "भाऊ, ये आप पहनोगे क्या?" मंडळाची पोरे फोटो काढत होती. आम्हाला त्या क्षणी आमचे वडील दिसले. ज्या गावाची उतरण आपण नाकारली, ते गाव आता आम्हीच झालो होतो. येताना चिखलदऱ्याच्या घाटात टेम्पोमध्ये आम्ही कोणाशी बोललो नाही.

म्हणून गेल्या वर्षी समितीपुढे आम्ही एक सूचना मांडली आणि तिच्यावर किती वाद झाला हे आपण जाणता. सूचना अशी की, न बसणारे कपडे विहारात आणावेत, पण धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून. मापाप्रमाणे दोरीवर टांगावेत. पाच रुपयांपासून वीस रुपयांपर्यंत किंमत ठेवावी. ज्याला पाहिजे त्याने अंगाला लावून पाहावे, नापसंत करावे, घासाघीससुद्धा करावी. आणि मुख्य अट, जो आणील त्यानेही दुसऱ्याचा एक तरी कपडा घेऊन जावा.

एक ज्येष्ठ उपासक संतापून उठले. "आमच्या पोराईनं पुन्हा उतरण घालाव काय? त्याच्यासाठी बाबासाहेबांनी रक्त आटवलं काय?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आजही आम्ही ते खोटे म्हणत नाही. दुसरे म्हणाले, विहारात जुन्या कपड्यांचा बाजार शोभत नाही. २०१५ मध्ये इराणमधील मशहद शहरात सुरू झालेली 'माणुसकीची भिंत' पुढे आपल्या महाराष्ट्रातल्या गावोगावी आली, तशी भिंत करा, असेही कोणी सुचवले. परंतु भिंतीवर पुष्कळदा तेच पोते येऊन पडते.

आम्ही उत्तर म्हणून एकच प्रसंग सांगितला, तो संयुत्तनिकायातला आहे. महाकाश्यपाने आपली मऊ संघाटी तथागतांना बसायला अंथरून दिली. मऊ आहे, असे तथागत म्हणाले. काश्यप म्हणाला, भगवंतांनी ती घ्यावी. तेव्हा तथागतांनी विचारले, माझे जुने, जाडेभरडे पांसुकूल तू घालशील का? आणि दोघांनी चीवरे बदलली. उतरण एकाच दिशेने जाते, वरून खाली. इथे देणाऱ्याने घेतलेही. आम्हाला हा फरक पुरेसा वाटतो. त्या ज्येष्ठांना तो पुरेसा वाटला नाही. ते त्या दिवशी उठून गेले आणि अजून त्या रविवारी विहारात येत नाहीत. याचे आम्हाला वाईट वाटते. त्यांच्या घरी जाऊन आम्ही दोनदा चहा घेतला आहे, तिसऱ्यांदाही जाणार आहोत.

पहिल्या रविवारी लोक लाजत आले. आमच्या एकवीस शर्टांपैकी चौदा गेले. आमच्याच कारखान्यातला एक नवा पोरगा आमचा निळा चौकडीचा शर्ट घालून तिसऱ्या पाळीला येतो, त्याला तो आमच्यापेक्षा शोभतो. आम्ही स्वतः एका निवृत्त मास्तरांची खाकी पँट दहा रुपयांत घेतली, ती आत्ता अंगावर आहे. सफारी मात्र कोणी घेत नाही. तीन पोरांनी घालून पाहिला आणि हसून परत टांगला. आमच्या मंडळींनी त्याच्या पिशव्या शिवायचे ठरवले आहे, त्या दोनदा उसवलेल्या शिवणीसकट.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता दोऱ्या बांधल्या जातील. यंदा थंडीचे कपडे जास्त लागतील, विशेषतः लहान मुलांचे. सुई-दोरा आणि बटणांचा डबा आम्ही घेऊन बसणार आहोत, ज्यांना बटण लावता येत नाही अशा तरुण मित्रांनी तिथेच शिकून घ्यावे. वडिलांचा सदरा आम्ही आणणार नाही. तो सुनेला दाखवला आहे, तिने त्याच्यासाठी तिच्या कप्प्यात जागा केली.

जय भीम! नमो बुद्धाय!