शेत आपलं, शेताच्या पोटातलं कुणाचं?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सातबारा तुमच्या नावावर आहे. पण त्या जमिनीचे मालक तुम्ही किती खोलीपर्यंत? पऱ्हाटीचं मूळ जाईल तेवढे! त्याखाली खनिज निघालं तर ते सरकारचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ वाचा.

अमेरिकेत खाजगी जमिनीखालचं खनिज मुळात जमीनमालकाचं. तिथे वरची जमीन आणि खालचं खनिज वेगवेगळं विकता येतं. कितीतरी शेतकऱ्यांनी मका पिकवायचा हक्क ठेवला आणि खालचा कोळसा, तेल कंपन्यांना लिहून दिलं. पुष्कळ ठिकाणी कुणी खोदलंच नाही. हक्कदार मेले, वारस पांगले. शेत कसणाऱ्याला खालचा मालक कोण हेच कळेना.

१९७१ साली इंडियाना राज्याने कायदा केला. २० वर्षं खोदकाम नाही, भाडं नाही, कर नाही, नोंदणी कचेरीत दावाही नाही, तर खनिजाचा हक्क संपला. तो शेतमालकाकडे परत! जुन्या हक्कदारांना दावा नोंदवायला दोन वर्षांची मुदत दिली. तरी मंडळी कोर्टात गेली: नोटीस नाही, भरपाई नाही, आमची मालमत्ता घेतली. १९८२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा कायम केला. सरकारने काही हिसकावलं नाही, हक्क तुमच्याच हयगयीने बुडाला, असा त्याचा अर्थ.

या कायद्याला दोन्हीकडून धार आहे. कागद न नोंदवणारी गरीब विधवाही त्यात बुडते. कागदाची हयगय सहसा माफ नाही.

आणि आपल्याकडे? २०१३ साली मलबारच्या जन्मम् जमिनींच्या खटल्यात आपलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायद्याने रीतसर काढून घेतलं नसेल तर जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचंच. हुरळून जाऊ नका. आपल्याकडे कलम ४८ आडवं उभं आहे, आणि मालकी असली तरी खणायला परवाना लागतोच.

पण त्याच कलम ४८ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. खनिजासाठी वरची जमीन अडवली, उकरली, तर भरपाई द्यावी लागते. ती जिल्हाधिकारी ठरवतात. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून घरी गेल्यावर पेटी उघडा. जुनी खरेदीखतं काढा, सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचून घ्या. शेतात कुणी भोक पाडायला आला तर आधी हुकूम मागा, पंचनामा मागा, सही मागून करा.

इंडियानाच्या शेतकऱ्याला पोटातलं परत मिळालं. आपण निदान पाठीवरचं तरी फुकट जाऊ देऊ नये.