त्याग कोणी करायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलण्यासाठी चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : "देशातील भ्रष्टाचार नाहीसा व्हावा म्हणून सामान्य नागरिकाने त्याग केला पाहिजे काय?" विषय मोठा आहे आणि मी काही विदुषी नव्हे. नवीन पनवेलमध्ये संसार करता करता, बाजारहाट करता करता आणि कचेऱ्यांतून हेलपाटे घालता घालता जे पाहिले, वाचले आणि मनात घोळले तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे. पटेल तेवढे घ्यावे, न पटेल ते सोडून द्यावे.

प्रथम 'त्याग' या शब्दाविषयी. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. घरात दूध कमी पडले म्हणजे ते कोणाच्या चहात कमी पडते, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको. म्हणून कोणी त्याग मागायला आला की आपण बायकांनी तरी तीन प्रश्न आधी विचारावेत. मागणारा कोण? तो कोणाकडून मागतो? आणि स्वतः काय सोडतो?

आपला समाज त्यागाला कचरतो असे मात्र मी म्हणणार नाही. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते मनापासून पाळले. का पाळले? कारण मागणारा माणूस स्वतः साधा राहणारा होता. १९५६ साली अरियलूरचा रेल्वे अपघात झाला तेव्हा नैतिक जबाबदारी घेऊन त्यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले होते. ज्याने आधी स्वतःच्या हातचे सोडले, त्याच्या शब्दाला वजन येते.

आता अलीकडची गोष्ट घेऊ. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. काळा पैसा आणि भ्रष्टाचार यांवर हा घाव आहे असे सांगण्यात आले. १३ नोव्हेंबरला गोव्यातील भाषणात पंतप्रधानांनी लोकांकडे पन्नास दिवस मागितले. लोकांनी ते दिले. आपण सगळ्याजणी त्या रांगांतून उभ्या राहिलो. डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत अडीअडचणीसाठी जपून ठेवलेले पैसे नवऱ्यापुढे, मुलांपुढे काढून ठेवावे लागले. ते पैसे काळे नव्हते. फक्त आपले होते. रोजंदारीवरच्या बायांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

मग फळ काय मिळाले? रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या वार्षिक अहवालात हिशेब आहे. रद्द झालेल्या १५ लाख ४१ हजार कोटी रुपयांच्या नोटांपैकी १५ लाख ३१ हजार कोटींच्या नोटा परत आल्या, म्हणजे शेकडा ९९ हून अधिक. ज्यांच्याकडे खरोखर काळा पैसा होता त्यांनी तो कोणत्या ना कोणत्या वाटेने बँकेत पोचवला. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने हा निर्णय वैध ठरवला. वेगळे मत दिले ते न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना या एका भगिनीने. तो कायद्याचा प्रश्न झाला. त्या निर्णयाने काहीच भले झाले नाही असेही मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की, त्रास सर्वांना सारखा वाटून दिला म्हणजे तो दोषी माणसालाच लागतो असे नाही. उलट ज्याच्याकडे पैसा, ओळख आणि नोकरचाकर आहेत तो वाट काढतो, आणि रांगेत उभी राहते ती दुसरीच.

हे पूर्वीही घडले होते. जानेवारी १९४६ मध्ये मोठ्या नोटा रद्द केल्या तेव्हा सुमारे १४४ कोटींपैकी १३५ कोटींच्या आसपास नोटा बदलून घेतल्या गेल्या. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. पुढे ते अर्थमंत्री झाले, १९५२ साली कुलाब्यातून, म्हणजे आपल्याच भागातून, लोकसभेवर निवडून गेले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. याच चिंतामणरावांनी १९५९ साली मागणी केली की, उच्च पदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी कायमचे न्यायाधिकरण नेमावे. लोकपालाचा कायदा झाला २०१३ साली आणि पहिले लोकपाल नेमले गेले २०१९ साली. म्हणजे वरून जी व्यवस्था व्हायची तिला साठ वर्षे लागली. खालच्या माणसाने सोसायचे ते मात्र एका रात्रीत ठरले.

कोणी म्हणेल, "मग आम्ही काहीच सोडू नये. चोरी त्यांनी केली, निस्तरावे त्यांनीच." हे ऐकायला बरोबर वाटते; पण भगिनींनो, आपण काही न सोडता स्वस्थ बसलो तरी आपल्याकडून घेतले जातेच. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे उदाहरण लांबचे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. आरोप कोणावर आणि किती खरे, त्याचा निवाडा न्यायालयाचा. पण ठेवीदारांना रस्त्यावर यावे लागले हे आपण पाहिले. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून शेकडा ९५ ठेवीदारांची रक्कम पूर्ण मिळण्याजोगी झाली. परंतु ज्यांनी निवृत्तीचा सगळा पैसा विश्वासाने एकाच ठिकाणी ठेवला होता त्यांचे काय? आणि विम्याचा हप्ता तरी सगळ्याच बँका भरतात. म्हणजे खड्डा एकीकडे पडतो आणि माती सगळ्यांच्या अंगणातून जाते. याला त्याग म्हणत नाहीत, हे नुकसान आहे. त्याग म्हणजे आपण जाणून, ठरवून सोडलेली गोष्ट.

दुसऱ्या टोकाला, कधी कधी एखाद्याच माणसाला सर्वस्व द्यावे लागते. जमिनींचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकाराने उजेडात आणणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. त्यानंतर वर्षभराने, २५ जानेवारी २०११ रोजी, मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. अशा माणसांच्या फोटोला आपण हार घालतो, श्रद्धांजली वाहतो आणि घरी जातो. मला यात आपल्या सर्वांच्या विचारासाठी एक गोष्ट दिसते. जेथे हजारांनी थोडेथोडे सोडायचे असते तेथे कोणीच काही सोडत नाही, म्हणून एखाद्याच्या वाट्याला सगळेच येते. भेसळीचे तेल स्वस्त मिळते म्हणून घेणारे नसते, तर ते विकणाऱ्याची इतकी हिंमत झाली असती काय?

तेव्हा माझे उत्तर असे आहे. होय, सामान्य नागरिकाने त्याग केला पाहिजे. पण तो पोटाचा नव्हे आणि प्राणाचा तर नव्हेच. सोडायची ती सोय आणि सवलत, जी आपल्याला गैरमार्गाने सहज मिळते. पावती नको म्हटले की दुकानदार थोडे कमी करतो, ते कमी केलेले सोडायचे. घर घेताना काही रक्कम कागदावर आणि काही हातात, या व्यवहारात मुद्रांक शुल्काचे जे वाचते ते सोडायचे. मुलाच्या प्रवेशासाठी देणगी मागणाऱ्या संस्थेची पायरी सोडायची. अशी देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. आणि "आपला माणूस आहे तिथे" हे वाक्य सोडायचे. हे शेवटचे सर्वांत जड जाते.

लाच देणारा तर नाइलाजाने देतो, त्याचा काय दोष, असे आपण म्हणतो. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. आता लाच देणे हाही गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र ज्याला सक्तीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी १०६४ हा आहे. मुदपाकखान्यातल्या भिंतीवर गॅसवाल्याच्या क्रमांकाशेजारी तो लिहून ठेवावा.

आता किंमत किती पडते तेही स्पष्ट बोलू. आमच्या घरी एका दाखल्याचे काम होते. दारातच दलाल भेटला; पैसे द्या, संध्याकाळी कागद घरी येईल म्हणाला. आम्ही अर्ज दिला, पोच घेतली आणि मुदत टळल्यावर अपील लिहिले. दाखला मिळाला, पण चार खेपा झाल्या. रिक्षाभाडे आणि ह्यांची बुडालेली रजा यांचा हिशेब मांडला तर तो दलालाच्या मागणीहून जास्त भरला! प्रामाणिकपणा स्वस्त असतो असे मी तुम्हाला सांगणार नाही.

आणि येथेच खरी अडचण आहे. मला चार खेपा परवडल्या. माझ्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईला एक खाडा परवडत नाही. तिने दलालाला पैसे दिले तर मी तिला कोणत्या तोंडाने नावे ठेवू? ज्याच्याकडे जे आहे त्याने ते द्यावे हाच न्याय. तिच्याकडे वेळ नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींकडे आहे. तेव्हा तिच्या वाट्याचा त्याग आपण उचलायला हवा.

कायद्याने साधने दिली आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणती सेवा, किती दिवसांत आणि किती शुल्कात, याचा फलक कचेरीत लावणे बंधनकारक आहे. काम वेळेत झाले नाही तर दोन अपिले, त्यानंतर आयोग. आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. दहा रुपये भरून अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर यावे. यात अवघड असे काय आहे? आपल्या भिशीचेच बघा. भिशीत आजवर कोणी कोणाला फसवले नाही, ते आपण सगळ्या साध्वी आहोत म्हणून नव्हे. वही उघडी असते, दर महिन्याला मोठ्याने वाचली जाते आणि जिला हवे तिला ती मागून बघता येते, म्हणून. सरकारची वही मागण्याचा हक्क म्हणजे माहितीचा अधिकार.

या संदर्भात एक आठवण सांगण्यासारखी आहे. १९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथील खादी प्रदर्शनाच्या दारावर चौदा वर्षांची एक स्वयंसेविका उभी होती. तिकिटाशिवाय कोणाला सोडायचे नाही, असे तिला सांगितलेले होते. जवाहरलाल नेहरू आले, त्यांच्याजवळ तिकीट नव्हते; तिने त्यांना अडवले. व्यवस्थापक रागावले, पण तिकीट आणल्यावरच नेहरू आत गेले, आणि त्यांनी त्या मुलीचे कौतुक केले. ती मुलगी म्हणजे दुर्गाबाई. घटना समितीच्या सदस्या आणि पुढे १९५३ साली आपल्या चिंतामणरावांच्या पत्नी झालेल्या दुर्गाबाई देशमुख. त्या दिवशी नेहरूंनी काय सोडले? दोन मिनिटे आणि थोडा मान. दुर्गाबाईंनी काय सोडले? मोठ्या माणसाची मर्जी. एवढेच. पण दोघांनीही सोडले, म्हणून नियम उभा राहिला.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. तिला 'सोबत' म्हणावे. आपल्या वस्तीतील कोणाही बाईला सरकारी कचेरीत काम असेल तर तिने एकटीने जाऊ नये. मंडळाच्या दोघीजणी तिच्याबरोबर जातील. अर्ज लिहून देतील, पोच घेतील, मुदतीची तारीख वहीत टिपून ठेवतील आणि ती टळली तर अपील करतील. ज्या भगिनी निवृत्त झाल्या आहेत, ज्यांची मुले मोठी झाली आहेत, त्यांनी महिन्यातून एक दुपार द्यावी. एकट्या बाईला जो "उद्या या" म्हणतो तो तिघींना जरा विचार करून सांगतो, हा माझा अनुभव आहे.

याने देशातील भ्रष्टाचार संपेल काय? लगेच संपणार नाही. वरच्यांनी करायचे ते वरच्यांनी केलेच पाहिजे, आणि ते मागण्याचे आपण सोडता कामा नये. परंतु जिने स्वतः पावती घेतली आहे तिलाच दुसऱ्याकडे हिशेब मागता येतो. महिन्याची एक दुपार फार नाही. पुढच्या वर्धापनदिनी 'सोबत'ची वही याच सभेत वाचली जावी आणि तीत पुष्कळ नावे असावीत, अशी माझी इच्छा आहे. नावनोंदणीची वही बाहेर चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे.