ताट दिलं, पाट नाही
(एका बैठकीतलं भाषण)



आज पक्ष्यांवर बोलणार म्हटल्यावर मागं बसलेली दोन-चार पोरं हसली. हसा. मीही हसायचो. पक्षी बघणं म्हणजे गळ्यात दुर्बीण, पोटात भरपेट नाश्ता असलेल्यांचा रविवार, अशीच माझी समजूत होती.

२० मे २०२४ च्या रात्री आपल्या घाटकोपरात, लक्ष्मीनगराकडे, आभाळातून रोहित पक्षी पडले. उतरणाऱ्या विमानाची धडक. ३९ मेले. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली म्हातारी मला म्हणाली, "पोरा, हितं वरनं बी मरणच पडतं का रं?" तिनं रमाबाई नगरातला ११ जुलै १९९७ चा गोळीबार बघितलाय. दहा माणसं गेली त्यात. मला उत्तर सुचलं नाही. म्हणून हा पक्षी खातो काय, जातो कुठं, ते शोधायला लागलो.

तर ऐका. रोहित हिवाळ्यात कच्छकडून येतो, पावसाच्या तोंडावर परततो. ओहोटीला ठाण्याच्या खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथं तो शेवाळ खातो. शेवाळ कशावर पोसतं? शहराच्या मैल्यावर. आपल्याच मोऱ्यांवर जगणारा पाहुणा आहे हा, त्याला उगाच खानदानी समजू नका. भरती आली की चिखल बुडतो. मग पाणी उतरेपर्यंत उभं राहायला त्याला उथळ जागा लागते. ती आहे खाडीपलीकडं, नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांत आणि उरणच्या पाणथळींत. सरकारनं २०१५ साली खाडीचं अभयारण्य केलं, १६९० हेक्टरचं. भरतीची तळी बाहेरच ठेवली. म्हणजे ताट दिलं, पाट नाही दिला.

नेरुळचं डीपीएस तळं त्यातलंच. तीस एकर. खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या, तळं सुकलं, २०२४ च्या उन्हाळ्यात तिथंही रोहित मेले. बोंब झाली तेव्हा कुठं एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं त्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली.

आता आपला प्रश्न. ही जमीन मुळात कुणाची?

१९७० साली सिडको स्थापन झाली. ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातखाचरं, मिठागरं, खाजणं. कागदावर लिहिलं, सार्वजनिक हेतू. आगरी-कोळी शेतकरी योग्य भाव मागायला दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिले, तर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच मेले. पुढं त्याच जमिनीचे भूखंड निविदा काढून विकले. नेरुळच्या पाणथळीवर गोल्फचं मैदान आखण्यापर्यंत मजल गेली. गोल्फ! सार्वजनिक हेतू बघा कसा चेंडूसारखा टोलवला.

म्हणून मी म्हणतो, पन्नास वर्षांपूर्वी सगळ्यांच्या नावानं घेतलेल्या जमिनीतली तीस एकर सगळ्यांचं पाणी म्हणून राहत असेल, तर आपण तिच्या बाजूनं उभं राहावं. इथं कुणाची झोपडी मोडायची नाही, कुणा बिल्डरला पैसा मोजायचा नाही. जमीन सरकारीच आहे. फक्त विकायची नाही.

तुमच्यातले काही मान हलवत नाहीत, ते मला दिसतंय. तुमची भीती खोटी नाही. रमाबाई नगराच्या त्याच १९९७ साली, मे महिन्यात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवायचा आदेश उच्च न्यायालयानं दिला. जंगल वाचवायचं म्हणून हजारो झोपड्यांवर बुलडोझर गेला. आणि शिवडीच्या चिखलावरून, जिथं रोहित चरतात तिथून, जानेवारी २०२४ मध्ये सागरी सेतू सुरू झाला. बुलेट ट्रेनचा बोगदा त्याच खाडीखालून. त्यांच्यासाठी परवानगीची फाईल फिरते, आपल्यासाठी नोटीस येते. उद्या तळ्याकाठचा मासे धरणारा कोळी पक्ष्यांना त्रास देतो म्हणून हुसकला जाईल. तेव्हा तिथं कोण असेल?

इथंच मेख आहे. वन्यजीव कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करायच्या आधी स्थानिकांशी सल्लामसलत सांगितलीय. नंतर व्यवस्थापन समिती. तिच्यात वनखात्याचा माणूस, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन, शेती आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक, आणि हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक. आता नेरुळात ग्रामपंचायत आहे कुठं? १९९२ साली महापालिका झाली, गावं तिच्या पोटात गेली. म्हणजे दुर्बीणवाल्यांच्या तीन खुर्च्या शाबूत, आणि ज्यांची जमीन गेली त्यांची एक खुर्ची कायद्याच्या फटीत पडली. ती मागायची. लेखी मागायची. त्या समितीत तळ्याकाठचे मासेमार हवेत, वस्तीतली बाई हवी.

नुसत्या मंजुरीवर विसंबू नका. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ साली केला होता. ओंजळ भरायला १९२७ उजाडलं, बाबासाहेबांना तिथं जावं लागलं, आणि वर डोकी फुटली ती आपलीच. कागद आणि तळं यांतलं अंतर आपल्या जमातीइतकं कुणाला ठाऊक आहे?

येत्या रविवारी आम्ही सहा-सातजण भरतीच्या वेळेला नेरुळला जातोय. हार्बर लाईननं, सीवूड्सला उतरून चालत. पाणी आत येतं का ते बघायचं, काठावरच्या मासेमारांशी बोलायचं, अर्जावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. दुर्बीण एकच आहे, तीही उसनी. पाळीपाळीनं बघू. म्हातारीही येते म्हणालीय.